कोरी रोपं

ताई आली तेव्हा जेवणं उरकली होती, आणि ते तिनं मुद्दाम जमवून आणलं होतं. या घरात जेवायला बसायचं म्हणजे कुठल्या खुर्चीवर बसायचं ते आधी ठरवावं लागतं, आणि तिची खिडकीजवळची खुर्ची केव्हाच बारकीची झाली होती. आई गेल्यापासून ताई इथं यायची ती उभ्या उभ्या. दाराशी चपलाही अशा काढायची की निघताना वळायला नको. आजही तशाच काढल्या. सूनबाईनं ते पाहिलं आणि काही बोलली नाही. पाहून न बोलण्यात सूनबाईचा हात धरणारं या घरात कुणी नाही.

बोलावलं होतं बारकीनं. ताईच्या धाकट्या भावाची ही एकुलती एक मुलगी. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून बारकी, आणि आता झाडांच्या रोगांवर डॉक्टरेट मिळवून शेतकी संशोधन संस्थेचं काचघर सांभाळते तरी बारकीच. फोनवर ती आत्याला एवढंच म्हणाली होती, की मला आजोबांसमोर काही सांगायचंय आणि तू तिथं हवीस. कशाबद्दल ते विचारलं तर म्हणाली, सतराव्याबद्दल. त्यावर ताईनं जेवणं किती वाजता उरकतात ते विचारलं. मग येते म्हणाली.

सतरावा म्हणजे या घरातला कुणी माणूस नव्हे, पण माणसांपेक्षा लाड त्याचेच जास्त झाले. ताईचे वडील, अण्णा, रेणू घडवणारे रसायनतज्ज्ञ. उमेदीच्या वर्षांत त्यांनी एकाच सांगाड्यावर इथं एक अणू बदल, तिथं एक शेपूट जोड, असं करत रेणूंची एक रांगच उभी केली. त्यातला हा सतरावा. तो बुरशीला मारत नव्हता. झाडालाच जागं करायचा, की बाबा रे, रोग दाराशी आलाय, उठ आणि तयारीला लाग. निदान अण्णांचा तसा ठाम विश्वास होता. तो सिद्ध करायला काचघरात टोमॅटोची रोपं मांडली गेली. निम्म्यांवर सतरावा फवारला, निम्मी कोरी ठेवली, आणि मग सगळ्यांवर सारखेच करपा रोगाच्या बुरशीचे बीजाणू टाकले. बीजाणू वाढवायचं आणि टाकायचं काम ताईचं होतं. ती तेव्हा त्याच संस्थेत डॉक्टरेट करत होती.

फवारलेली रोपं निरोगी राहिली. कोरीही निरोगी राहिली. म्हणजे सगळं मुसळ केरात, कारण जी आजारी पडायला हवी होती तीच पडली नाहीत तर वाचलेल्यांचं कौतुक कसलं करायचं? अण्णांनी अहवालात एक ओळ लिहिली, की रोपांवर टाकलेले बीजाणू निर्जीव असावेत. नाव कुणाचं घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, बीजाणू कुणाचे ते संस्थेच्या फाटकावरच्या दारवानालाही ठाऊक होतं. त्यानंतर ताईला कुणी आपल्या हाताखाली घेतलं नाही. तिनं काही दिवस वाट पाहिली, आणि मग चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागली. पुढे ते दुकान तिचंच झालं. आज निम्मं शहर तिनं बसवलेल्या काचांतून वाचतं. अण्णांचा चष्मा मात्र कायम दुसरीकडूनच होत आलाय.

तो आज नाकावरून घसरत होता. डावी दांडी वाकलीय हे ताईनं खोलीत पाऊल टाकताच हेरलं, आणि नजर दुसरीकडे वळवली.

धाकटा स्वयंपाकघरात पाण्याचा ग्लास हातात धरून उभा होता, तहान नसताना. बहिणीला पाहून त्याला बरं वाटलं होतं आणि भीतीही वाटली होती, आणि दोन्ही एकदम वाटलं की त्याला पाणी आठवायचं. संस्थेतल्या रसायन विभागाचा तो प्रमुख. वडिलांचा सतरावा त्यानं यंदा पुन्हा स्वतःच्या हातांनी बनवला होता, मुलीनं तो रोपांवर तपासला होता, आणि तिघांच्या नावावरचा शोधनिबंध छापायच्या उंबरठ्यावर होता. पहिलं नाव अण्णांचं. निबंध तपासणाऱ्यांची एकच शंका राहिली होती, की जुना प्रयोग का फसला? धाकट्यानं उत्तर लिहून टाकलं होतं: त्याचे कारण स्पष्ट होऊ शकले नाही. तिघांनी हो म्हटलं की आज संध्याकाळी निबंध रवाना. काय निघालं ते न विचारता, निबंध न वाचताच अण्णांनी हो म्हटलं होतं. बारकी मात्र त्या ओळीपाशी अडून बसली होती.

"अण्णांचं वय बघ," तो बायकोला हळूच म्हणाला. "या वयात त्यांना कोर्टात उभं करायचं का? किती वर्षांनी त्यांचं नाव छापून येतंय. सुखानं बघू दे की."

सूनबाई ताटं पुसत होती. तिनं हातातलं ताट पुसून झाल्यावरच उत्तर दिलं.

"आणि ताईंचं वय?"

धाकट्यानं ग्लास ओट्यावर ठेवला. त्याला उगाचच लहानपण आठवलं. अण्णा दोन्ही मुलांना सगळं सारखं द्यायचे, अगदी काटेकोर. एकदा एका चॉकलेटवरून दोघांची जुंपली तर अण्णांनी ते प्रयोगशाळेत नेलं आणि तिथल्या काट्यावर तोलून त्याचे दोन भाग करून आणले. सगळी शाळा त्यावर हसली होती, आणि त्याला आपल्या वडिलांचा फार अभिमान वाटला होता. तोच माणूस, आणि तीच प्रयोगशाळा शेवटी सगळीच्या सगळी धाकट्याच्या वाट्याला आली. ती काही तोलून आली नव्हती. हे त्याला रोज ठाऊक असायचं, आणि रोज तो कामाला लागायचा.

बाहेर बारकीनं टेबल मोकळं करून संगणक उघडला. तिच्या एका बाजूला आजोबा, समोर आत्या. ताई खुर्चीच्या कडेवर बसली होती, पर्स मांडीवर. बारकीला वाटलं होतं, आपण शांतपणे बोलू. पण पहिलं वाक्यच तिला दोनदा सुरू करावं लागलं. संस्थेच्या सभागृहात परक्या मोठमोठ्या लोकांपुढे ती कधी डगमगली नव्हती.

तिनं पहिल्यापासून सांगितलं. तिनं प्रयोग केला तेव्हा तिचीही कोरी रोपं टवटवीत राहिली होती. बाबा हसत म्हणाले होते, आत्यावर गेलीस. त्यांनी ते सहज म्हटलं होतं, पण ती घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली होती. चूक झाली असती तर तिला चाललं असतं. पण तिला खात्री होती की चूक झालेली नाही, आणि ते पटवून द्यायला जवळ काहीच नव्हतं. आत्याचं कसं झालं असेल ते तिला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. मग कोरी रोपं ठेवलेला एक ट्रे काचघराबाहेर, जाण्यायेण्याच्या वाटेवर सापडला. आत जागा नव्हती म्हणून तो तिथंच राहिला होता. त्यावरही त्याच बाटलीतले बीजाणू पडले होते. ती रोपं काळी ठिक्कर पडली होती.

अण्णा इतका वेळ खिडकीबाहेर बघत होते. ते वळले.

"बाहेर ओल जास्त असेल," ते म्हणाले.

"मोजली, आजोबा. सारखी होती."

"उजेड?"

"तोही सारखा करून पुन्हा पाहिलं. तसंच झालं."

पुढची विचारपूस लांबली. अण्णा एकेक शंका काढत होते आणि बारकी एकेक खोडत होती. दोघांनाही त्यात रंग चढत गेला, कारण या घरात प्रेम करायची ही एकच रीत आहे, समोरच्याला शंका विचारायच्या. रोपं एकाच बियांची होती ना? पाणी कोण घालत होतं? शेवटी बारकीनं कोळशाचं सांगितलं. तिनं दोन बंद काचपेट्या नळीनं जोडल्या होत्या. एकीत फवारलेली रोपं, दुसरीत कोरी, आणि हवा पहिलीतून दुसरीत सोडलेली. नळी नुसती ठेवली तर कोरी रोपं वाचत होती. नळीत कोळशाची पूड भरली तर मरत होती.

"कोळसा वास ओढून घेतो," अण्णा म्हणाले. आता ते खुर्चीत पुढे सरकले होते. "म्हणजे हवेतून काहीतरी जात होतं."

"हो. सतरावा झाडाला जागं करतो. जागं झालेलं झाड हवेत एक रेणू सोडतं. शेजारच्या कोऱ्या रोपांना तो मिळाला की तीही जागी होतात, आणि मग तीही आजारी पडत नाहीत."

"कुठला रेणू?"

"मिथाइल सॅलिसिलेट."

अण्णांनी डोळे मिटले. तो रेणू त्यांना तोंडपाठ होता, विद्यार्थ्यांकडून पहिल्याच वर्षी बनवून घ्यायचे ते. त्याचा वासही प्रत्येक घरात असतो, दुखऱ्या गुडघ्याला चोळायच्या मलमाचा.

"वास यायचा," ताई म्हणाली.

आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. धाकटा स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबला.

"काचघरात. सकाळी दार उघडलं की मलमाचा वास यायचा. मी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, पंप मारून खांदा दुखतो म्हणून तूच चोळून येतेस आणि वास आत आणतेस. मी मलम कधीच लावलं नव्हतं, अण्णा."

पण अण्णांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते टेबलाला धरून उठून उभे राहिले. चालत होता, ते म्हणाले. माझा सतरावा चालत होता. सगळं आयुष्य त्यांनी मनाशी घोकलं होतं की तो खरा आहे, आणि शेवटी शेवटी तेही सोडून दिलं होतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर कधीकधी त्यांना वाटायचं, आपण एका निकामी पांढऱ्या पुडीसाठी जन्म घालवला. आता ती पुडी खरी ठरली होती, अपेक्षेपेक्षाही खरी. ज्याला ती मिळाली नाही त्याच्यापर्यंतसुद्धा ती पोचली होती. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. नातीच्या डोक्यावर हात ठेवला, धाकट्याला जवळ बोलावलं. धाकट्याच्या छातीवरची धोंड उतरली होती. आपण उगाच भ्यालो, असं त्याच्या मनात आलं. अण्णा खूश होते, निबंध जाणार होता. तो वडिलांच्या खांद्याला धरून हसायला लागला. अण्णा लगेच पुढचं बोलू लागले, शेपूट जरा आखूड केलं तर काय होईल, एका फवारलेल्या रोपामागं किती कोरी रोपं वाचतील, शेतातल्या मोकळ्या हवेत हे जमेल का.

ताई बघत होती. काय बोलायचं ते तिनं वर्षानुवर्षं तयार करून ठेवलं होतं. दुकानात काच घासताना ती ते मनात म्हणायची, त्यात खाडाखोड करायची, कधी फार कडू झालं म्हणून साखर घालायची. आज ते सगळं घेऊन ती आली होती, आणि ते ठेवायला इथं कुठं जागाच नव्हती. वडिलांच्या आनंदाचा तिला राग आला नाही. उलट त्यांना असं रडताना पाहून तिला मायाच वाटली. फक्त आपण पार दमलो आहोत असं तिला वाटलं. वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला थकवा एकदम अंगावर आला. ती पर्स घेऊन उठली. बरं झालं, म्हणाली, चांगलं झालं सगळं. येते मी.

दारात सूनबाई उभी होती. ती बाजूला झाली नाही.

लग्न होऊन आल्यापासून सूनबाईनं सासऱ्यांना कामाचं काही विचारलं नव्हतं. रसायनाच्या गोष्टी निघाल्या की ती उठून पाणी आणायची. आज ती ताईच्या वाटेत तशीच उभी राहिली आणि तिच्या खांद्यावरून सासऱ्यांकडे बघत बोलली.

"अण्णा, तेव्हा कुंड्या शेजारी शेजारी कुणी ठेवल्या होत्या?"

अण्णांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

"नाही, बारकी म्हणते रोपं शेजारी होती म्हणून असं झालं. म्हणून विचारते."

धाकट्यानं वडिलांच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. अण्णा सावकाश खाली बसले. त्यांना ते काचघर दिसत होतं, आणि पंपाचा पट्टा खांद्याला लावलेली आपली मुलगी. ती म्हणाली होती, अण्णा, कोरी रोपं पलीकडच्या खोलीत ठेवूया, फवारा उडाला तर? आणि त्यांनी तिला चांगलं सुनावलं होतं. सगळ्यांना एकच उजेड, एकच ऊब, एकच हवा मिळाली पाहिजे, नाहीतर न्याय कसला? कोऱ्या रोपांवर अन्याय होता कामा नये. ते वाक्य त्यांना स्वतःला इतकं आवडलं होतं की पुढे कितीतरी वर्षं ते विद्यार्थ्यांना ऐकवत राहिले.

"मी," अण्णा म्हणाले. "मी ठेवल्या होत्या."

"तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं, अण्णा," धाकटा म्हणाला. "जगात कुणालाही." त्यानं बायकोकडे पाहिलं, मग पाठमोऱ्या बहिणीकडे, आणि दाराकडे तोंड करून ठेवलेल्या तिच्या चपलांकडे. बहुधा त्या त्याला आजच दिसल्या. त्याचा आवाज खाली आला. "बारके, माझी ती ओळ काढून टाक."

बारकीनं ती काढली. मग बोटं तशीच ठेवून ती आजोबांकडे बघत राहिली. अण्णांनी घसरता चष्मा वर ढकलला, आणि पूर्वी विद्यार्थ्यांना सांगत तसं, थांबत थांबत सांगायला लागले. जुन्या प्रयोगात संसर्ग व्यवस्थित झाला होता. कुंड्यांची जागा माझ्या आग्रहाने ठरली होती. बीजाणूंविषयीचा तेव्हाचा निष्कर्ष चुकीचा होता आणि तो माझा होता. बारकीनं लिहिलं आणि वाचून दाखवलं. जे हवं होतं ते झालं होतं, सगळ्यांपुढे, छापून यायच्या शब्दांत. तरी ताई वळली नाही.

"इकडे बघ," अण्णा म्हणाले. "तुझे बीजाणू जिवंत होते."

असली माफी जगात दुसऱ्या कुठल्या घरात कुणी मागितली नसेल. ताई वळली.

"ते मला तेव्हाही ठाऊक होतं," ती म्हणाली. "टाकायच्या आधी त्याच सकाळी मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. अंकुर फुटत होते. अहवाल लिहायच्या आधी मी तुम्हाला सांगितलं, थोडे राखून ठेवलेत, वरच्या मजल्यावर या, एकदा बघा. तुम्ही आला नाहीत."

"नाही आलो."

"का नाही आलात?"

हे तिनं तयार केलेल्या भाषणात कुठंच नव्हतं. हे एवढंच तिला हवं होतं, आणि ते तिला विचारल्यावर कळलं. धाकट्याला वाटलं आपण मध्ये पडावं, म्हणावं, राहू दे ना आता. सूनबाईनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो जागेवरच राहिला.

अण्णांना आठवावं लागलं नाही, उत्तर त्यांना तेव्हापासून ठाऊक होतं.

"आलो असतो तर ते जिवंत दिसले असते," ते म्हणाले. "मग सतरावा खोटा ठरला असता. दोघांतलं कुणीतरी एक चुकलेलं असणार होतं, तो नाहीतर तू. मी त्याला वाचवलं."

मग ताई रडली, उभ्यानंच, पर्स छातीशी धरून, लहान मुलीसारखी हुंदके देत, आणि कुणी तिला उगी म्हणालं नाही. बारकीचेही डोळे वाहत होते. सूनबाईनं खिडकीजवळची खुर्ची ओढली आणि ताईला तिच्यात बसवलं. अण्णा मान खाली घालून बसले होते. चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि त्यांना तो वर करायचंही भान नव्हतं.

थोड्या वेळानं ताईनं पदरानं तोंड पुसलं, हात पुढे केला आणि वडिलांच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. उजेडाकडे धरून पाहिला.

"कुणी बसवल्या या काचा?" ती म्हणाली. "दांडीही वाकडी. असंच वापरताय?"

तिनं पर्समधून बोटाएवढा स्क्रू ड्रायव्हर काढला. अण्णा उघड्या, अधू डोळ्यांनी तिच्या हातांकडे बघत होते. त्यांना काही नीट दिसत नसणार, पण ते बघत होते. धाकट्यानं मुकाट्यानं दिवा लावला आणि बहिणीच्या जवळ सरकवला.

बारकीनं नाक ओढत संगणक पुढे घेतला. निबंध संध्याकाळच्या आत पाठवायचा होता. शेवटची ओळ तिनं पुन्हा वाचली आणि जरा चाचरत विचारलं, की आजोबा आत्ता जे शेवटी म्हणाले, ते का आले नाहीत ते, तेही घालायचं का?

"नको," ताई म्हणाली. तिनं दांडीवरची नजर वर उचलली नाही. "कुंड्यांचं लिहिलंयस ते सगळ्यांसाठी. हे माझं आहे."